समुद्र नाही, मग सांभरला मीठ येतं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात राजस्थानात सांभरला गेलो, तर तळ्याच्या जागी नजर पोचेल तिथवर पांढरीफेक जमीन. मित्र सप्टेंबरात गेला, त्याच्या फोटोत त्याच जागी पाणी. हे पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? समुद्र शेकडो किलोमीटर लांब असताना मीठ कसं तयार होतं? कच्छचं रण म्हणजे हाच प्रकार का? आणि आपला माण-खटाव, आटपाडीचा पट्टा एवढा दुष्काळी असून तिथे अशी तळी का नाहीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. सांभरला वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. माण तालुक्याची सरासरीही त्याच्याच आसपास फिरते. म्हणजे नुसता पाऊस बघितला तर दोन्ही मुलूख सारखेच गरीब. फरक पडलेल्या पाण्याला पुढे वाट आहे की नाही, एवढाच आहे. माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी असते हे खरं, पण ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. चार-पाच वर्षांनी का होईना, एखादा जोराचा पूर येतो आणि खडकांतून सुटलेले क्षार धुऊन घेऊन जातो. सांभरच्या पाण्याला ही सोय नाही. अरवलीच्या डोंगरांमधल्या या खोलगट भागात मेंढा, रूपनगढ अशा नद्या आणि बरेच लहानमोठे ओढे पावसाळ्यात येऊन मिळतात. बाहेर पडणारी नदी एकही नाही. पाण्याला निघून जायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे हवेत. तिथे वर्षभरात दीड ते दोन मीटर पाणी उडून जाईल एवढं ऊन आणि वारं आहे. वाफेबरोबर मीठ जात नाही, ते खाली राहतं.

माती-पाण्याच्या आमच्या धंद्यात हे सगळं ‘निचरा’ या एका शब्दात बसतं. शेताचा निचरा नसला की काय होतं हे ऊस पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. सांभरमध्ये तेच एका अख्ख्या खोऱ्याच्या बाबतीत झालं आहे.

असं बंद खोरं तयार होण्याचे मार्ग अनेक आहेत. कधी भूकवचाचा तुकडा खचतो, जसा कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत खचला. तिथला बॅडवॉटरचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. कधी वाळूच्या टेकड्या सरकत येऊन ओढ्याचं तोंड बुजवतात. थारमधल्या काही खाऱ्या तळ्यांचा जन्म असा आहे. आणि कधी आभाळातून अशनी येऊन आदळतो, ते आपलं लोणार. वारासुद्धा खड्डा खणतो, पण त्याच्या खणण्याला एक हद्द असते. कोरडी माती तो उडवून नेतो; खाली ओल लागली की मातीचे कण एकमेकांना धरून बसतात आणि वाऱ्याचं काही चालत नाही. भूजलाच्या पातळीच्या थोडं वर तासलेला असा तळ अगदी सपाट होतो. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान सुमारे १०,००० चौरस किलोमीटर पसरलं आहे आणि एवढ्या विस्तारात त्याच्या पृष्ठभागाची उंची मीटरभरही बदलत नाही. उपग्रहांवरची उंची मोजणारी उपकरणं तपासून घ्यायला ते वापरतात ते यामुळेच.

आता पाणी. अशा प्रदेशात पाऊस कमी दिवस पडतो, पण पडतो तेव्हा आदळतो. जमिनीवर झाडोरा विरळ, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच धावतं. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे टाकतं, पुढे वाळू टाकतं आणि सर्वांत बारीक चिकणमाती मधल्या सपाटीपर्यंत नेऊन बसवतं. हा चिकणमातीचा थर वर्षानुवर्षं साचत जातो आणि तळ्याला जवळपास न झिरपणारा तळ मिळतो. पण खोली अशी नसतेच. सांभर सुमारे ३५ किलोमीटर लांब, पण चांगल्या पावसाळ्यानंतरही पाणी जास्तीत जास्त तीनेक मीटर, आणि बऱ्याच भागात गुडघाभर. एवढं पसरट, उथळ पाणी उन्हात टिकणार किती?

अशा पाण्याची चंचलता बघायची असेल तर डेथ व्हॅलीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने तिथे एका दिवसात जवळजवळ वर्षभराचा पाऊस पाडला आणि बॅडवॉटरच्या मिठावर तळं उभं राहिलं. हिमयुगात इथे मॅनली नावाचं खोल सरोवर होतं, म्हणून या तळ्यालाही तेच नाव मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा पाऊस झाला, लोक होड्या घेऊन आले. मग दोन-तीन दिवस जोराचा वारा सुटला आणि त्याने तळंच तीनेक किलोमीटर उत्तरेला ढकललं. तळ इतका सपाट आणि पाणी इतकं उथळ की त्याला अडवायला काही नव्हतंच.

पाऊस तळ्यावरच पडला पाहिजे असंही नाही. ऑस्ट्रेलियातलं काटी थांडा–लेक आयर हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. त्या खंडाचा साधारण सहावा हिस्सा एवढं त्याचं खोरं. पाऊस पडतो दूर क्वीन्सलँडमध्ये. ते पाणी डायमँटिना, कूपर क्रीक अशा नद्यांतून, वाटेत अर्धंअधिक मुरत आणि उडत, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तळ्यात पोचतं. वर आभाळ निरभ्र असताना तळं भरत असतं. १९७४ साली ते एवढं भरलं की खोल भागात सुमारे ६ मीटर पाणी होतं. आणि त्याच्या दहाच वर्षं आधी, १९६४ मध्ये, त्याच तळाच्या कोरड्या मिठावर डोनाल्ड कॅम्पबेल या ब्रिटिश चालकाने मोटार ताशी सुमारे ६४८ किलोमीटर वेगाने पळवून विक्रम केला होता.

मिठाचा हिशेब थोडा सविस्तर करावा लागेल, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ‘यंदाच्या पाण्यातून यंदाचं मीठ’ असं वाटतं. ते तसं नाही. समजा तळ्यात एक मीटर खोल पाणी साठलं आणि त्यात लिटरमागे १ ग्रॅम क्षार आहेत. ओढ्याच्या पुराच्या पाण्यात एवढेही नसतात, पण धरून चालू. एका चौरस मीटरवर १००० लिटर पाणी, म्हणजे १ किलो क्षार. ते सगळं पाणी उडून गेलं तर खाली बसणारा थर अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तुम्ही मे महिन्यात पायाखाली जो थर बघितला तो याहून कितीतरी जाड असणार. म्हणजे ते मीठ त्या वर्षाचं नव्हतंच. दर पावसाळ्यात जुना थर विरघळतो, दर उन्हाळ्यात पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेरीत चिमूटभर नवी भर पडते. पाणी दरवर्षी नवं, मीठ मात्र शेकडो-हजारो वर्षांपूर्वीपासून जमत आलेलं.

ही चिमूट कुठून येते यावर शंभर वर्षांपूर्वीच चांगला वाद झाला आहे. १९०८-०९ च्या सुमारास हॉलंड आणि क्रिस्टी या शास्त्रज्ञांनी मांडलं की उन्हाळ्यात कच्छच्या रणावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे मिठाची धूळ उचलून राजपुतान्यात आणतात, आणि पाऊस ती धुऊन तळ्यांत नेतो. कल्पना आकर्षक आहे आणि अगदी चुकीचीही नाही. वाऱ्याने मीठ येतं, पावसाच्या थेंबातही थोडं येतं. पण पुढे पाण्याची आणि गाळाची रासायनिक तपासणी होत गेली तसा भर अरवलीच्या खडकांकडे सरकला. खडक झिजतो, त्यातले सोडियम आणि बाकीचे क्षार पाण्यात उतरतात, ते पाणी बंद खोऱ्यात येऊन आटतं. माझं मत विचाराल तर एवढं एक कारण पुरेसं आहे. बाहेर जायला वाट नसेल आणि हजारो वर्षं हातात असतील, तर मीठ साठायला समुद्राची गरज लागत नाही.

इथवरचं सगळं वरून दिसतं. खरा कारभार जमिनीखाली चालतो.

उन्हाळ्यात सांभरचा तळ कोरडा दिसतो, पण तो वरवर कोरडा असतो. मिठाच्या पापुद्र्यावर कुदळ मारली की खाली काळा, चिकट चिखल लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. हवा न पोचणाऱ्या त्या चिखलात जिवाणू सल्फेटवर जगतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात, त्याचा तो वास. खड्डा थोडा आणखी खोल नेला आणि तासभर थांबलात तर तळाशी पाणी झिरपायला लागतं. बोट बुडवून बाहेर काढा, उन्हात मिनिटभर धरा. बोटावर पांढरी साय धरते. हे भूजल समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं. चिकणमातीच्या बारीक छिद्रांतून ते कंदिलाच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं, पृष्ठभागाशी येऊन उडतं आणि मीठ तिथे सोडून जातं. तळ्यातलं पाणी संपल्यावरही मिठाचा थर वाढत राहतो तो यामुळे.

भूजल साधारण दोन-तीन मीटरच्या आत असेल तरच हे चालतं. ते खोल गेलं की वात तुटते. मग पावसाळ्यात पाणी साठतं, आटतं आणि मागे राहते भेगाळलेली कडक चिकणमाती. मीठ जवळपास नसतंच. दगड आपोआप सरकल्याच्या खुणांमुळे प्रसिद्ध झालेलं डेथ व्हॅलीजवळचं रेसट्रॅक मैदान अशाच कोरड्या मातीचं आहे. (त्या दगडांचं कोडं २०१४ मध्ये सुटलं: उथळ पाण्यावर रात्री बर्फाचे पातळ पत्रे धरतात आणि सकाळी वारा ते पत्रे दगडांसकट ढकलतो.) म्हणून एखाद्या सपाट माळावर तात्पुरतं तळं दिसलं आणि पुढे तिथे मीठ धरेल का असं कुणी विचारलं, तर मी आकाशाकडे बघत नाही, जवळच्या विहिरीची पातळी विचारतो.

मीठ जास्त झालं की पाणी उडण्याचा वेगही मंदावतो. आणखी मीठ विरघळूच शकत नाही अशा द्रावणाशी हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांना समतोल होते, म्हणजे हवा त्याहून कोरडी असेल तरच पाणी उडतं. हवा त्याहून दमट झाली तर मीठच हवेतलं पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात घरच्या बरणीतलं मीठ ओलसर होतं त्यामागे हेच आहे. म्हणून मिठाचा तळ रात्री किंचित ओला आणि दुपारी कोरडा असतो, आणि पूर्ण असा कधी वाळतच नाही.

वर दिसणाऱ्या त्या षटकोनी नक्षीबद्दलही सांगतो, कारण बऱ्याच जणांना त्या वाळण्याच्या भेगा वाटतात. उयुनी असो वा बॅडवॉटर, हे षटकोन साधारण एक-दोन मीटर रुंदीचे असतात, मिठाच्या थराची जाडी काहीही असो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचं समाधानकारक उत्तर मिळालं. पृष्ठभागाशी पाणी उडाल्याने तिथलं द्रावण जास्त खारं, म्हणून जड होतं आणि खाली बुडतं. खालचं त्या मानाने हलकं द्रावण मधून वर येतं. अशी चक्रं शेजारी शेजारी दाटीने बसली की त्यांच्या सीमांवर खारटपणा सर्वांत जास्त राहतो आणि तिथे मिठाचे वरंबे उगवतात. म्हणजे ती नक्षी खालच्या पाण्याच्या हालचालीचा नकाशा आहे.

सगळीच तळी खायचं मीठ देत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. पाणी आटत जातं तसे क्षार क्रमाने बाहेर पडतात. आधी चुना (कॅल्शियम कार्बोनेट), मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), मग मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमचं कडवट पाणी उरतं. मिठागरात काम करणारा माणूस हा क्रम बॉमे मीटरच्या, म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या नळीच्या, अंशांवर ओळखतो: समुद्राचं पाणी ३ ते ३.५ अंशांचं, १३ च्या आसपास जिप्सम पडायला लागतं, २५ च्या पुढे मीठ, आणि २९-३० झालं की पाणी काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडू होतं. आपल्या कोकणपट्टीतल्या मिठागरांत एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत पाणी सोडत जातात ते हा क्रम सांभाळण्यासाठीच.

बंद खोऱ्यात मात्र एक वळण लागतं. सुरुवातीच्या पाण्यात कॅल्शियम जास्त की कार्बोनेट जास्त, यावर पुढचं सगळं ठरतं. चुना बसताना दोघं जोडीने संपत जातात. ज्याचा साठा जास्त तो उरतो. कार्बोनेट उरलं तर तळं सोड्याच्या वाटेने जातं, पाणी अल्कधर्मी होतं, जिप्सम जवळपास बनतच नाही. लोणारचं बेसॉल्टमधलं तळं या वाटेचं. त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; शुद्ध पाण्याचा ७) १० च्या घरात आहे, आणि पूर्वी तिथला खार दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांनी प्रतवारी करून विकला जाई. सांभरच्या पाण्यातही मिठाबरोबर सोडा आणि सल्फेट असतात, म्हणून तिथे मीठ पडलं की उरलेलं पाणी वेळेत काढून टाकणं महत्त्वाचं. त्याच राजस्थानात डीडवान्याच्या तळ्यातून सोडियम सल्फेट निघतं, तर बाडमेरकडच्या पचपदऱ्याला खारवाल लोक खड्डे खणतात, झिरपलेल्या पाण्यात काटेरी झुडपाच्या फांद्या टाकतात आणि काट्यांवर धरलेले मिठाचे खडे काढतात. काही तासांच्या अंतरावरची तळी, पण प्रत्येकाचं रसायन वेगळं.

कच्छचं रण या घराण्यातलं नाही, निदान पूर्णपणे नाही. ते समुद्राचाच एक उथळ हात होतं, नद्यांच्या गाळाने आणि जमीन उचलली गेल्याने भरत आलेलं. १६ जून १८१९ च्या भूकंपात तिथे जमिनीचा लांबलचक पट्टा काही मीटर वर उचलला गेला. लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटलं, कारण बांध घालणारा माणूस नव्हता. आजही पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा खाडीतून समुद्राचं पाणी रणात लोटतो, आणि वरून लूणी, बनास, रूपेण यांचं गोडं पाणी येतं. दोन्ही मिसळून उथळ चादर पसरते आणि हिवाळ्यापर्यंत आटते. छोट्या रणात आगरिया कुटुंबं पावसाळा सरला की विहिरी खणून खालचं खारं पाणी उपसतात आणि वाफ्यांत मोठ्या दाण्याचं मीठ पिकवतात. मिठाचं मूळ तिथे बव्हंशी सागरी आहे; आटण्याची आणि वर चढण्याची यंत्रणा मात्र सांभरसारखीच.

ही तळी हवामानाची जुनी दप्तरंही असतात. परागकणांचे अभ्यासक गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात सांभर, डीडवाना, लूणकरणसर इथल्या गाळातले परागकण तपासले, त्यातून थारमध्ये एकेकाळी आजच्यापेक्षा ओला काळ होता हे पुढे आलं. लूणकरणसरचं तळं तर पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच कायमचं आटलं.

आता महाराष्ट्राकडे परत येऊ, कारण ‘आपल्याकडे असं होत नाही’ हे अर्धंच खरं आहे. मोठं खारं मैदान नाही, पण छोट्या प्रमाणात तीच गोष्ट आपण स्वतःच घडवली आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं पाणी दिलं, निचऱ्याची सोय केली नाही, भूजल वर आलं आणि क्षार पृष्ठभागाशी बसले. शिरोळ भागात पांढरट क्षारपड जमिनी बघा. जी वात सांभरमध्ये चालते तीच तिथे चालते. उपायही त्याच तर्काचा: जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट करून द्यायची. अकोला-बुलढाणा-अमरावतीतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा हे वेगळं प्रकरण आहे. तिथल्या गाळाच्या थरातलं भूजल मुळातच खारं आहे.

उलट बाजूचं उदाहरण जैसलमेरचे खडीन. उतारावरून येणारं पाणी बांध घालून अडवायचं, मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. वरवर बघता हे तात्पुरतं तळंच, आणि पाऊस सांभरच्याही निम्म्याहून कमी. तरी जमीन खारावत नाही, कारण बांधाखालून पाणी झिरपत पुढे जातं आणि क्षार सोबत नेतं. जास्तीचं पाणी सांडव्यावाटे सोडता येतं.

आणि वाट बंद करण्याऐवजी येणारं पाणीच तोडलं तर? कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स तळ्याचं पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसला वळवलं; दहा-पंधरा वर्षांत तळं कोरडं पडलं आणि त्याच्या क्षारयुक्त धुळीने आसपासच्या लोकांचं जगणं कठीण केलं. ती धूळ दाबून ठेवायला शहराला आजही खर्च करावा लागतो. सांभरच्या पाणलोटातही ओढ्यांवर ठिकठिकाणी बंधारे झाले आहेत आणि तळ्याच्या काठाने खारं पाणी उपसणाऱ्या बेकायदा कूपनलिका आहेत. तळं १९९० पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, पण यादीत असल्याने मेंढा नदीला पाणी येत नाही. तुम्ही मे महिन्यात जे बघितलं त्यातला काही भाग ऋतूचा होता, काही या कामांचा.

पुन्हा जाणार असाल तर पाऊस चांगला झालेल्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारीत जा. पाणीही असेल आणि रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) दिसतील. पांढऱ्या थरावर गाडी घालू नका. काठाजवळ तो जीपचं वजन पेलतो, आत पन्नास पावलांवर पेलत नाही, आणि खालच्या काळ्या चिखलातून गाडी काढायला ट्रॅक्टरही आत येऊ शकत नाही.